डिझेलसाहेबांना थंडी वाजते

सकाळी उठवताना घरादाराचा अंत पाहणारे जीव जगात दोनच. एक परीक्षा जवळ आलेला मुलगा आणि दुसरा डिझेलवर चालणारा ट्रक. पहिल्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्याचा इतिहास लिहायचे मात्र कुणी मनावर घेत नाही. कारण इतिहास म्हटला की आपल्याला घोडा लागतो, तलवार लागते, गेलाबाजार एखादा फितूर सरदार तरी लागतो. माझ्या या इतिहासात अश्वशक्ती आहे, थोडी फितुरी आहे आणि एका निरपराध्याच्या माथी आलेला आळही आहे. तलवार तेवढी नाही. तिच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर चालवून घ्यावा.

आता मोटारीशी ज्यांचा संबंध फक्त बसच्या रांगेपुरता येतो, त्यांच्यासाठी दोन मिनिटे शाळा घेतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे नुसती हवा दाबतात. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते ना, तोच प्रकार. फक्त इथे हवा इतकी दाबतात की ती पंधरावीस पट आकसते आणि पाचशे अंशांच्या वर तापते. अशा तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते. काडी नको, ठिणगी नको. पण इंजिनाचे लोखंड रात्रभर थंडीत गारठलेले असले, तर ते त्या हवेची ऊब मधल्यामध्ये गिळून टाकते. हवा दाबली जाते, पण तापावी तेवढी तापत नाही. फवारा येतो, भिजतो आणि पांढरा धूर होऊन मागच्या नळीतून निघून जातो.

म्हणजे गंमत पाहा. ज्या इंजिनाचा सगळा डौल ‘मला काडी लागत नाही’ यावर उभा, त्यालाच थंडीच्या दिवसांत शेगडी लागते! त्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे ही शेगडी कुठे ठेवायची आणि ती विझली तर बोलणी कुणी खायची, याचा इतिहास आहे.

रुडॉल्फ डिझेल हा गृहस्थ १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईबाप मात्र जर्मन. म्युनिकला तो कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकाच्या हाताखाली शिकला. हे लिंडे म्हणजे बर्फ करण्याच्या यंत्रांचे जनक. गुरूने आयुष्यभर जग थंड केले आणि शिष्याने ते तापवायचे ठरवले. गुरुदक्षिणेचा हा प्रकार आपल्या पुराणांतसुद्धा नाही. ब्रह्मदेश आणि मलायाकडचे लोक एका बारीक नळीत दट्ट्या फटकन दाबून आत ठेवलेला कापूस पेटवीत. तसली नळी डिझेलच्या पाहण्यात आली होती आणि तिथून त्याच्या डोक्यात इंजिन शिरले, असे सांगतात.

१८९२ साली त्याने पेटंट मागितले आणि पुढच्याच वर्षी आउग्सबुर्गच्या कारखान्यात तीन मीटर उंचीचे धूड उभे राहिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात पहिल्यांदा इंधन सोडले. भडका झाला, दाब मोजायचे यंत्र फुटले आणि त्याचे तुकडे डिझेलसाहेबांच्या डोक्याजवळून गेले. एखादा नोकरदार माणूस असता तर त्याच दिवशी रजेचा अर्ज देऊन घरी गेला असता. डिझेल खूश झाला! ठिणगीशिवाय पेटते हे तर सिद्ध झाले होते. पुढे फेब्रुवारी १८९४ मध्ये ते इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर मिनिटभर चालले. तोवर कारखान्याचा पट्टा त्याला फिरवीत असे. त्या दिवशी पट्टाच इंजिनाकडून ओढला जातो आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या ध्यानात आले आणि त्याने काही न बोलता साहेबासमोर डोक्यावरची टोपी उचलली. या सगळ्या इतिहासात मला आवडणारा प्रसंग हाच. १८९७ च्या चाचणीत त्या इंजिनाने इंधनातली सव्वीस टक्के शक्ती कामाला लावली आणि वाफेच्या इंजिनांची तोंडे उतरली.

पण हे इंजिन बसल्या जागचे होते. कारखान्याच्या उबदार खोलीत दाबलेल्या हवेने त्याला ढकलून जागे करीत. मोटारीत बसून थंडीत उघड्यावर झोपायची पाळी त्याच्यावर आली नव्हती. साहेबही ती पाळी पाहायला राहिले नाहीत. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर ते रात्री जेवून आपल्या केबिनकडे गेले आणि सकाळी नाहीसे झालेले होते.

तिकडे इंग्लंडात हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या गृहस्थाने १८९० सालीच वेगळी शक्कल काढली होती. इंजिनाच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा बसवायचा आणि चालू करण्याआधी तो ब्लो-लॅम्पने चांगला तापवायचा. गोळा तापला की इंजिन चालायला लागते आणि मग स्वतःच्या उष्णतेवर गोळा गरम ठेवते. ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने ही इंजिने विकलीसुद्धा. डोके तापल्याशिवाय काम सुरू न करणारे साहेब आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, हे त्यांचे यंत्ररूप. याच घराण्यातला जर्मनीचा लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर १९२१ साली आला. त्याचे डोके तापले की ड्रायव्हरने स्टिअरिंग दांड्यासकट उपसून काढायचे, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचे आणि त्याने इंजिन फिरवायचे. चालू झाले की स्टिअरिंग परत जागेवर. मधल्या वेळात ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर काय होत असेल, ही कल्पना वाचकांनी आपापल्या शेजाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून करावी.

खरी शेगडी आत नेण्याची वेळ आली ती प्रॉस्पर लोरांज यांच्यामुळे. नाव नागपूरकडचे वाटते, पण गृहस्थ मानहाइमच्या बेन्झ कंपनीतले. १९०९ साली त्यांनी असे पेटंट घेतले की डिझेल थेट मोठ्या खोलीत फवारायचे नाही. वर एक लहानशी ओसरी ठेवायची. तिथे पेट घेऊ द्यायचा आणि ती आग बारीक भोकांतून आतल्या सिलिंडरमध्ये सोडायची. त्यामुळे फवाऱ्याला अफाट दाब लागेना, इंजिनाचा खडखडाट कमी झाला आणि ते ट्रकमध्ये मावण्याइतके लहान करता आले. बेन्झचा पहिला डिझेल ट्रक १९२३ साली निघाला. पण ओसरी म्हटली की भिंती वाढल्या, भिंती वाढल्या की गारठा वाढला. म्हणून त्या ओसरीत एक विजेची शेगडी बसवावी लागली. बोटाएवढा प्लग, त्याच्या टोकाला जाड तारेचे वेटोळे. बॅटरीतून वीज सोडली की वेटोळे लालभडक होते. इंग्रजीत याला ग्लो प्लग म्हणतात. आपल्याकडे हे नाव फक्त कॅटलॉगात. हमरस्त्यावर त्याचे नाव ‘हीटर’.

हा हीटर आपल्याकडच्या रस्त्यांवर फिरू लागला तो मुख्यतः टाटांच्या ट्रकमधून. १९५४ साली जमशेदपूरला टेल्कोने डेमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ पर्यंत या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. त्यांतला एक ट्रक माझ्या मामांच्या दारात होता, निफाडला.

निफाड म्हणजे थंडीचे माहेर. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा तीन-चार अंशांवर उतरला की पेपरात चौकट येते. पुण्यामुंबईची माणसे ती चौकट चहा घेताना कौतुकाने वाचतात. मामांच्या दारात तिची किंमत रुपयांत मोजली जाई. गावातल्या दहाबारा शेतकऱ्यांचा फ्लॉवर, कोबी आणि मेथी पहाटे नाशिकच्या बाजारात पोचवायचा मामांचा वायदा होता. अंतर पंचवीसेक मैल. उजाडायच्या आत पोचले तर मेथीला भाव, उन्हे आल्यावर पोचले तर तीच मेथी गाईला.

ट्रकच्या डॅशबोर्डवर एक ओढायचा खटका होता. पहिल्या टप्प्यापर्यंत ओढला की हीटर तापत, पुरता ओढला की स्टार्टर फिरे. शेजारी जाळीच्या टोपणाखाली तारेचे छोटे वेटोळे होते. आत हीटर तापले की हेही लाल होई. थंडीत मिनिटभर तरी वाट पाहावी लागे. क्लीनर बाळू वय वर्षे पंधरा, अंगात मामांचा जुना स्वेटर. तो त्या जाळीकडे असा टक लावून बसे की जणू काकडआरतीलाच बसला आहे.

१९६८ च्या जानेवारीत मी नाताळची सुटी लांबवून तिथे राहिलो होतो. त्या हिवाळ्यात ट्रकने संप पुकारला होता. आधी चार नंबरचा प्लग जळला. नवा घातला. तीन आठवड्यांत पुन्हा चार नंबरच जळला. तिसऱ्या वेळी मामांनी पैसे काढायला नकार दिला, तेव्हा ड्रायव्हरने चार नंबरला तारेने वळसा घातला आणि त्याच्यावाचून बाकीची साखळी जोडून टाकली. ट्रक चालू झाला. एवढेच नव्हे, जाळीतले वेटोळे पूर्वीपेक्षा जास्तच लखलखू लागले. ड्रायव्हरची छाती फुगली. दहा दिवसांनी दोन नंबर गेला. त्यालाही वळसा. मग चार दिवसांत सहा नंबर.

आता मराठी गावात ट्रक चालू होत नसला की सल्ल्याला तोटा नसतो. एक जण म्हणाला, बोळा पेटवून हवेच्या नळीपुढे धरा. दुसरा म्हणाला, टाकीखाली जाळ करा. (हा पुढे पंचायतीत निवडून आला.) पहाटे चार वाजता आठ माणसे ट्रक ढकलत आहेत, मागून मेथीच्या मालकिणी शिव्या देत आहेत, मफलरमधले मामा ‘हं, अजून थोडं!’ म्हणत आहेत आणि ट्रक पांढरा धूर सोडत निर्विकारपणे पुढे सरकतो आहे, हे दृश्य मी तीन दिवस पाहिले. ढकलून हवा दाबली जाते, तापत नाही. माझ्या सायन्सच्या पुस्तकात हे होते, पण पहाटे चारला आठ दमलेल्या माणसांना पुस्तक वाचून दाखवण्याइतके धैर्य माझ्यात नव्हते.

चौथ्या दिवशी निकाल लागला. तीन प्लग जळले, म्हणजे कुणीतरी जाळले. ड्रायव्हर म्हणाला, पोरगं खटका नको तेवढा वेळ धरून बसतं. मामांना ते पटले. ड्रायव्हर काढणे परवडणारे नव्हते, क्लीनर काढणे परवडणारे होते. बाळूच्या घरी आई आणि तीन भावंडे त्याच्या पगारावर होती. तो काही बोलला नाही. स्वेटर काढून त्याने घडी घातली आणि ओट्यावर ठेवली. मामी तेवढ्या आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आधी चाचांना तरी बोलवा. मग कुणाला काढायचं ते काढा.”

चाचा म्हणजे आग्रा रोडवरचे म्हातारे मिस्त्री. ते आले, बोनेट न उघडताच खाटेवर बसले आणि चहा मागितला.

“धूर येतो का, शेठ?”

“येतो की.”

“कोन्ता? काळा, निळा का पांढरा?”

“पांढरा.”

“मंग डिझेल पोचतंय, फक्त जळत न्हाई. धूरच नसता तर मी पाइप खोलले असते, हवा काढली असती. आता हीटरकडं बघू.”

मामा म्हणाले, “बघायचं काय त्यात, चाचा? ह्यो पोरगा खटका धरून बसतो.”

चाचांनी बशीतला चहा संपवला. “खटका जास्ती धरला तर समदेच जळतील ना, शेठ? एकच वीज साही जणांतून जाते. पैला चार नंबरच का जळतो, आन् नवा घातला तरी तोच का? चार नंबरशी काय पोराचं वैर हाय?”

ओट्यावर शांतता पसरली. ड्रायव्हर बिडी आणायला गेला.

चाचांनी नोझल काढले. सहाही. एकेक हातपंपाला लावून ते दांडा दाबत आणि बाळूला पुढे बोलावून दाखवत. पाच नोझलांतून अत्तरदाणीसारखा बारीक फवारा उडाला. चार नंबरमधून सार्वजनिक नळासारखी धार आली आणि दांडा सोडल्यावरही थेंब ठिबकत राहिला. ते डिझेल त्या ओसरीत नको तसे पेटून प्लगचे टोक रोज थोडेथोडे खात होते. कितीही नवे प्लग घातले असते तरी त्याने ते खाल्लेच असते.

“मेलेला समद्यांनी बघितला,” चाचा म्हणाले, “मारनारा कुनीच न्हाई.”

“आणि दोन नंबर? सहा नंबर?” मी विचारले.

चाचांनी ड्रायव्हरची तार उचकटून माझ्या हातात दिली. “सा भावांचं जेवन. एक मेला, त्याचं ताट पाचांना वाढलं. दुसरा मेला, चौघांना. उपाशी न्हाई मेले बाबा, जास्ती खाऊन मेले.”

ओहमचा नियम मला फर्स्ट इयरला इंग्रजीतून पाठ होता. सहा प्लग एकापाठोपाठ एका साखळीत, एक गाळला की अडथळा कमी, वीज जास्त, म्हणूनच ते वेटोळे जास्त लखलखत होते. पण हे सगळे ताट-वाटीत बसते हे मला त्या दिवशी कळले. अशा साखळीत मेलेला प्लग शोधायची चाचांची रीतही त्यांनी बाळूलाच दाखवली. खटका ओढून ठेवायचा आणि तारेचा तुकडा एकेका प्लगच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. ज्याला टेकवल्यावर जाळीतले वेटोळे पेटते, तोच मेलेला. तार तपासापुरतीच, संसार करायला नव्हे.

एक नोझल आणि तीन हीटर बदलले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाळूने मिनिटभर जाळीकडे पाहिले, खटका पुरता ओढला आणि ट्रक पहिल्या झटक्याला असा गरजला की ढकलायला जमलेली आठ माणसे नाराज होऊन घरी गेली. मामांनी कुणाची माफी वगैरे मागितली नाही. त्यांच्या पिढीत ती सोय नव्हती. स्वेटर मात्र बाळूच्या अंगावर परत दिसला आणि त्यावर मामांचा मफलरही. पुढच्या वर्षी मामांनी स्वतः त्याला चाचांकडे कामाला लावून दिले.

पुढचा इतिहास लवकर आटोपतो, कारण त्यात मेथी नाही. साखळीच्या जागी पेन्सिलीसारखे प्लग आले. वेटोळे धातूच्या नळीत बंद आणि प्रत्येकाला स्वतंत्र वीज. म्हणजे एकत्र कुटुंब मोडून ब्लॉक सिस्टीम आली. एक मेला तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. इंजिन लंगडत चालू होते, थोडा वेळ पांढरा धूर काढते, हादरते आणि मग गरम झाल्यावर काही झालेच नाही असे वागते. त्यामुळे दुखणे कळायला उशीर होतो. इथे मिस्त्री आधी प्लगच्या तारेपर्यंत वीज येते का, ते बल्ब लावून पाहतो. येत नसेल तर फ्यूज आणि रिले. येत असेल तर तारा सोडवून बल्बचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे एकेका प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर प्लग जिवंत. आणि हे सगळे करण्याआधी बॅटरी. बसलेली बॅटरी स्टार्टर सावकाश फिरवते, सावकाश दाबलेली हवा तापत नाही, आणि निरपराध हीटर कचऱ्यात जातात. ईथरचा फवारा मारणारे काही शूर लोक आहेत. लाल झालेल्या हीटरवर ईथर म्हणजे डिझेलसाहेबांचा १८९३ चा प्रयोग पुन्हा करण्यासारखे आहे. फक्त या वेळी डोके आपले असते.

मोठ्या ट्रकमधून मग ही ओसरीच गेली. डिझेल पुन्हा थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागले आणि आपल्या हवेत बहुतेक ट्रकना हीटरची गरज उरली नाही. हीटर राहिला तो मुख्यतः मोटारींत आणि जीपगाड्यांत. आता तर चिनी मातीच्या भाईबंदांपैकी सिरॅमिकचे प्लग निघाले आहेत. दोनेक सेकंदांत हजार अंश. जाळीकडे पाहायला सवडच नाही. डॅशबोर्डवर पिवळे वेटोळे क्षणभर दिसते आणि जाते. ते चित्र कशाचे आहे, हे माझ्या भाच्याला ठाऊक नाही. तो त्याला ‘स्प्रिंगचा दिवा’ म्हणतो.

बाळूचे नाशिकला गॅरेज आहे. आता त्याला बाळासाहेब म्हणतात. कामावरच्या पोरांच्या हातात स्कॅनर असतो. गाडीला नळी लावावी तसा तो लावला की तीन नंबरचा प्लग गेला असे पडद्यावर येते. पोरगा प्लग बदलायला धावतो. बाळासाहेब त्याला थांबवतात आणि तीन नंबरचा इंजेक्टर आधी काढून तपासायला लावतात. गिऱ्हाईक म्हणते, कोड तर प्लगचा होता, मग इंजेक्टर काढल्याचे पैसे कसले? बाळासाहेब वाद घालत नाहीत. बिलात ती ओळ वेगळी लिहितात आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगतात.